नोंद न ठेवायची बैठक

आगाशेसाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं,
"तुम्ही बसा. पण पेन खिशात."
जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं लघुलेखक होतो मी.
हाताला रिकामं राहायची सवय नाही,
म्हणून बशीतल्या बेदाण्यांचे देठ काढत राहिलो.

गंगापूर धरणाच्या काठचं विश्रामगृह.
चार त्यांचे, पाच आपले,
सगळे निवृत्त, एकाच्या कानात यंत्र.
झेंडे नाहीत, नावांच्या पाट्या नाहीत.
जो तो आधी म्हणे, "हे माझं वैयक्तिक मत,"
आणि मग देशाच्या आवाजात बोले.

सकाळ गेली नद्यांत, बंदरांत, रुळांच्या रुंदीत.
प्रादेशिक सहकार्य या शब्दाला
प्रत्येकाने एकदा हात लावला,
लग्नात आहेराच्या पाकिटाला लावतात तसा.
उघडून कुणी पाहिलं नाही.

जेवणात धरणातला मासा होता, काटेरी.
पाहुण्यांनी तो आमच्यापेक्षा नीट खाल्ला.

हात धुऊन आल्यावर रेहनुमा तालुकदार बोलल्या,
ढाक्याच्या वाणिज्य खात्यात सचिव होत्या कधीकाळी:
"त्या वर्षी तुमचा आदेश रात्री निघाला.
सकाळी हिलीच्या फाटकावर कांद्याचे ट्रक, रांगेने.
नवव्या दिवशी ताडपत्रीखालून पाणी गळायला लागलं.
मी तुमच्या वकिलातीत फोन केला.
ते म्हणाले, आम्हालाही पेपरातच कळलं."

कुणी चमचा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती.

मग निवृत्तीशेठ बोरस्ते,
ज्यांना फक्त 'स्थानिक अनुभव' म्हणून बोलावलं होतं
आणि ज्यांचं हिंदी निफाडच्या पलीकडे फारसं जात नाही,
म्हणाले, "मॅडम, हमको भी पेपर में ही.
उसमें तीन गाड्या मेरी थी."

बाईंनी पहिल्यांदा चष्मा काढला.
"कुठल्या रंगाची ताडपत्री?"
"निळी."
"सगळ्याच निळ्या होत्या," त्या म्हणाल्या.

कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं, तरी
चारच्या सुमाराला गाड्या निफाडकडे वळल्या.
बोरस्त्यांच्या चाळीत फटीफटीतून ऊन.
बाईंनी एक कांदा उचलला, मान दाबून पाहिली.
मान मिटलेली असली की टिकतो,
हे कुणी भाषांतर करून सांगावं लागलं नाही.
(कांदा आला की डोळ्यांतल्या पाण्याची ओळ येते.
इथे कांदा कुणी चिरला नाही.)

वजनाच्या पावतीमागे आगाशेसाहेबांनी लिहिलं:
बंदी घालायची झाल्यास एकवीस दिवस आधी कळवावे.
तिथून भांडण.
'कळवावे' की 'कळवण्याचा प्रयत्न करावा'?
एकवीसचे पंधरा झाले,
पंधराचं झालं 'वाजवी मुदत'.
बोरस्ते म्हणाले, "वाजवी म्हणजे किती?
माल वाजवी दिवसांत सडत नाही."
शेवटी आकड्याची जागा कोरी ठेवली.
सही कुणीच केली नाही.
निघताना बाईंनी ती पावती पर्समध्ये टाकली,
आगाशेसाहेबांनी पाहिलं,
आणि पाहिलं नाही असं केलं.
चाळीस वर्षांच्या नोकरीत
एवढं स्वच्छ काम त्यांनी केलं असेल की नाही,
सांगता येत नाही.

रात्री घरी, पंचवटीत, मी पेन काढलं.
शब्द मोडला म्हणा. पण लघुलिपी आता वाचतो कोण?
माझ्यामागून आलेली मुलं मशीनला बोलून दाखवतात.
आमच्या खुणांत फक्त व्यंजनं असतात,
स्वर मागून भरायचे, संदर्भ पाहून.

आज वही उघडली.
सगळं लागतंय. फक्त बाईंचं एक वाक्य,
गाडीत बसताना काच खाली करून म्हणालेलं:
आपल्यामध्ये प्रश्न आहे तो,
आणि पुढे माझी खूण, द आणि र.

दर असेल.
दार असेल.
दूर म्हणाल्या असतील.

बोरस्त्यांना फोन करून विचारलं.
ते म्हणाले, "दरच हो. आज अकराशे निघाला."